लाईट येऊन राह्यली

आमच्या घरमालकांच्या तोंडून "लाईट गेली" हे दोन शब्द मी चार वर्षांत एकदाही ऐकले नाहीत. आणि हे गृहस्थ चौतीस वर्षं लाईनमन होते! मेडशीत लाईट जात नाही असं नव्हे. चांगली जाते. गल्लीत अंधार झाला की शेजारपाजारचे सवयीनं त्यांच्या दारात येऊन विचारायचे, "काका, लाईट गेली का?" आणि काका आतून सांगायचे, "येऊन राह्यली." पंखा थांबलेला, तव्यावर पोळी करपतेय, मी चाचपडत काडेपेटी शोधतेय आणि हा माणूस खात्रीनं सांगतोय की येऊन राह्यली. पहिले काही महिने मला हसू आवरायचं नाही.

मी साताऱ्याकडची. शाळेतली नोकरी, बदलीत हे गाव मिळालं. सासूबाईंनी नकाशात वाशीम कुठं आहे ते बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. नवरा साखर कारखान्यात, त्याला तिकडून हलता येत नव्हतं. त्यामुळे मी आणि पाच वर्षांची मनू अशा दोघीच आलो. काकांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही घेतल्या. पुढं ते एकटे राहायचे. बायको वारलेली, मुलगा पुण्याला. मधे अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याच्या दाराची न्हाणी आणि न्हाणीला टेकून तुराट्यांचा ढीग. तुरीची वाळकी झाडं तिकडं जळणाला रचून ठेवतात. त्या ढिगात काय काय दडून बसत असेल, हेच पहिल्या दिवशी माझ्या मनात आलं होतं. मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते.

सुरुवातीला आम्हाला एकमेकांची भांडी कळायची नाहीत. माझं पातेलं त्यांचा गंज. माझी परात त्यांची कोपर, माझी विळी त्यांची पावशी, उलथनं म्हणजे सराटा, केरसुणी म्हणजे फडा, आणि पुढच्या ओसरीतला झोपाळा म्हणजे बंगई. "मॅडम, कोपर द्या न जराशी, कणीक भिजवाची हाये," असं ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी नुसतीच उभी राहिले. मनू शाळेतून तिसरंच शिकून यायची. तिच्यासाठी बादली ही बकेट आणि चमचा हा स्पून. असं करता करता घरातल्या एकेका वस्तूला तीन तीन नावं झाली. घासायला मात्र मी एकटीच.

पण ही झाली दिवसाची भाषा. दिवे लागले की काकांची दुसरी भाषा सुरू व्हायची.

ती मला कळली तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी. आमटी उकळत होती आणि बरणीत बघते तर खडखडाट. वाटी घेऊन मी त्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, "काका, थोडं मीठ द्याल का? आमचं संपलंय."

त्यांच्या हातातलं झाकण खाली पडलं. सहा फुटी, रापलेला, जिवंत तारेवर आकडा टाकून वीज चोरणाऱ्यांना दम देणारा माणूस, पण चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागं सरले. मला वाटलं, माझ्या पाठीमागं कुणी उभं आहे.

"मॅडम, दिवे लागले न," ते हळू आवाजात म्हणाले. "आता तसं म्हनू नोका. गोडं म्हना. अन् संपलं तर बिलकुल म्हनू नोका. भरपूर झालं म्हना."

"बरं. गोडं भरपूर झालंय," मी म्हणाले. "वाटीभर द्या."

"सकाळी देतो. दिवे लागल्यावर देत नसतात."

त्या रात्री आम्ही अळणी आमटी जेवलो. मनूनं चौकशी केली, तर मी म्हणाले, या घरात मीठ दिवसाच राहतं.

आमच्याकडं असलं काही नाही असं मी म्हणणार नाही. आमच्याकडंही बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. घरातून निघताना "जाते" म्हटलं की आई अजून ओरडते, "येते म्हण." पण आम्ही हे बोलतो आणि विसरून जातो. काका विसरत नव्हते, ते खरोखर घाबरत होते. दिवे लागल्यावर सुई ही "दोरेवाली" आणि फडा म्हणजे "लक्ष्मी". देवापुढचा दिवा विझवायचा नाही, "मोठा" करायचा. आणि एक नाव तर दिवसाही घ्यायचं नाही. लांबडं म्हणायचं, तेसुद्धा आवाज खाली आणून. ते चावलं तर चावलं म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं. हे शेवटचं त्यांचं एकट्याचं नव्हतं, सगळी गल्ली तसंच म्हणते. नाव घेतलं की ते ऐकतं आणि येतं, असा हिशेब.

गावानं त्यांची टर उडवायची ती उडवलीच. ते संध्याकाळी दूध आणायला निघाले की पानठेल्यावरून हमखास कुणीतरी ओरडायचं, "लाईनमन साहेब, मीठ संपलं काय हो?" काका दोन्ही कानांत बोटं घालून, दुधाची बरणी दंडाला लटकवून, झपाझप पुढं जायचे. एकदा मीही हसले होते. त्यांनी पाहिलं आणि मान खाली घालून पुढं गेले.

त्यांच्या मुलानं पुण्याहून एकदा मॉप पाठवला. फिरवायचा दांडा, खाली पिळायची बादली, असा थाट. फोनवर मुलगा सांगत होता, "बाबा, आता वाकून पुसायचं नाही." काकांची अडचण वेगळीच होती. फड्याला पाय लागला तर नमस्कार करायचा हे ठरलेलं, पण मॉपला? तो लक्ष्मी आहे की नाही? त्यांनी मलाच विचारलं, "तुमी शिकलेल्या, सांगा न." मी म्हणाले, मॉप पुण्याचा आहे, त्याला नमस्कार केला काय न केला काय.  दुसऱ्या दिवशी बघते, तर पाय लागल्यावर मॉपला वाकून नमस्कार चाललाय. "असू द्या," मला बघून ओशाळून म्हणाले. "आपलं काय जाते?"

हे सगळं वेड मुळात त्यांचं नव्हतंच, हे कळायला मला वर्ष लागलं. ते त्यांच्या बायकोचं होतं. एका दुपारी मनू बंगईवर झोपली होती आणि ते जमिनीवर बसून पायानं झोका देत होते, तेव्हा आपणहून बोलले.

"हे सारं तिचं होय, मॅडम. तिच्या मायचं, तिच्या आजीचं. म्या हासो. म्या म्हनो, मी हातानं करंट धरतो, तू मिठाले भेते? एक डाव जेवाले बसलो. दिवे लागले होते. म्या मुद्दाम मोठ्यानं म्हनलं, काय व, घरातलं मीठ संपलं काय? तिले चिडवाले म्हनलं. ती ताट सोडून उठली अन् दिव्यापाशी जाऊन कान धरले, माह्या वतीनं." त्यांनी झोका थांबवला. "पंधरा दिवसांत पुढं झाली. ताप आला न पुढं झाली."

"काका, तापानं गेल्या त्या," मी म्हणाले. "मिठानं नाही."

"मले मालूम हाये," ते म्हणाले. "डॉक्टरनंबी तेच सांगितलं." आणि पुन्हा झोका द्यायला लागले. त्यानंतर मी पानठेल्यावर हसले नाही.

पण वाईट असं झालं की मला भीती लागली. भीती सर्दीसारखी असते, एका घरात राहिलं की एकाची दुसऱ्याला होते. आधी मी काकांचं मन राखायला म्हणून "गोडं" म्हणायची. मग ते घरात नसतानाही म्हणायला लागले. एकदा संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला, सहज विचारायला लागला, "तेल-मीठ आहे ना, का संपलं?" आणि मी फोन कापला.  बी.एड. झालेली बाई मी! शाळेत मुलांना अंधश्रद्धेवर धडा शिकवायची आणि घरी येऊन दिव्यापुढं गप्प बसायची. मनू तर त्यांची पट्टशिष्या. त्यांना आबाजी म्हणायची, त्यांच्याच बोलीत बोलायची आणि दिवे लागल्यावर कुठला शब्द चालतो, कुठला नाही, हे तिला माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक. तिच्यासमोर कुणी चुकून ते एक नाव घेतलं की ती डोळे मिटून माझ्या मांडीत तोंड खुपसायची. मला ते बरं वाटत नव्हतं, पण मी तिला काही सांगितलं नाही, कारण मलाही आतून तसंच व्हायचं.

तिसऱ्या वर्षी, सोयाबीन निघून गेल्यावरच्या दिवसांत, मनूनं एकाएकी न्हाणीत जायला नकार दिला. संध्याकाळी हातपाय धुवायला जाईना, सकाळी आंघोळीला जाईना. चुलीपाशीच आंघोळ घाल म्हणे. काय झालं विचारलं की ओठ घट्ट मिटून मान हलवायची. एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी शाळेला उशीर होत होता, मी तिला दंडाला धरून ओढत नेलं. तिनं दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली. मी तिला एक चापट मारली. रडली, पण बोलली नाही.

त्याच संध्याकाळी दिवे लागले आणि लगेच लाईट गेली. (हे मी दुपारी लिहितेय, म्हणून "गेली" लिहितेय.) काका पाय धुवायला न्हाणीत गेले. तांब्या पडल्याचा आवाज झाला. मग पत्र्याचं दार वाजलं आणि ते बाहेर येऊन माझ्या पायरीवर बसले. शांतपणे म्हणाले, "मॅडम, पान लागलं."

 बॅटरीच्या उजेडात त्यांच्या घोट्यावर दोन टिपके दिसत होते, एवढेसे. मी ओरडले, शेजारचे दिनकरभाऊ धावत आले, त्यांनी गाडी काढली. आमच्या तालुक्याच्या, वाशीमकडच्या मालेगावचा दवाखाना गाठायचा होता. कुणीतरी म्हणालं, आधी मांत्रिकाकडं नेऊ. दिनकरभाऊंनी त्याला हातानं बाजूला केलं. काकांना मागच्या सीटवर बसवलं तेव्हा मनू त्यांच्या सदऱ्याला लोंबकळलेली होती. तिची बोटं सोडवता येईनात. तिलाही आत घेतली.

गाडी गावाबाहेर पडली आणि ती बोलली. "मी पाह्यलं होतं."

"काय पाहिलंस?" मी म्हणाले, आणि विचारता विचारताच मला कळलं.

"न्हाणीत. ड्रमच्या मागं. परवा. मी नाव नाही घेतलं." तिचे दात वाजत होते. "आबाजी म्हणतात, नाव घेतलं की येतं. मी कुणालाच नाही सांगितलं. तरी आलं."

 ज्या गालावर सकाळी मारलं होतं, तो माझ्या दंडाला लागत होता.  मला एकच दिसत होतं, की या माणसाला आज काही झालं तर ही पोर जन्मभर हे उराशी घेऊन हिंडेल, जसे ते स्वतः मिठाचा एक शब्द उराशी घेऊन हिंडत होते.

काकांनाही तेच दिसलं असावं. त्यांच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या, मान सरळ राहत नव्हती. त्यांनी एका हातानं पुढची सीट धरली.

"मनू," ते म्हणाले. जीभ जड झाली होती. "काय पाह्यलं होतं तुनं? नाव सांग."

"लांबडं."

"ते नाई. खरं नाव सांग."

"नको, आबाजी." ती माझ्या कुशीत शिरायला लागली. "दिवे लागले."

"लागू दे." त्यांनी तिची हनुवटी धरली. मधेच त्यांचे डोळे मिटले. विषानं की भीतीनं, मला आजही सांगता येणार नाही. "माह्याकडं पाह्य. साप होता तो. साप. म्या म्हनून राह्यलो न? काय झालं? आता तू म्हन."

बाहेर पूर्ण अंधार होता. दिनकरभाऊंनी आरशातून मागं बघितलं. त्या माणसाच्या तोंडून तो शब्द ऐकून त्यांनाही धक्का बसला होता.

"साप," मनू म्हणाली.

"मोठ्यानं."

"साप!"

"बस," ते म्हणाले. "चूक माह्यी होती, बेटा. तुह्यी नाई. साप दिसला की साप म्हनाचं. दिवसा, राती, कधीबी. बोंबलून म्हनाचं." एवढं बोलून त्यांनी मान मागं टाकली. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं तेव्हाही त्यांनीच सांगितलं, शब्द तोंडात अडकत होते तरी, "साप चावला. न्हानीत. दिवे लागल्यावर."

वाचले. वेळेत इंजेक्शन मिळालं. पुढं अकोल्याला नेलं, मुलगा पुण्याहून आला, आणि बारा दिवसांनी ते काठी टेकत घरी परतले. तोवर एका सर्पमित्रानं तुराट्यांच्या ढिगातून नाग पकडून नेला होता आणि मी उरलेला ढीग अंगणातून हलवून टाकला होता. तरी मनू न्हाणीकडं फिरकत नव्हती. रात्री झोपेत दचकून उठायची आणि माझा पदर मुठीत धरून ठेवायची.

आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून काकांनी एक सुरू केलं. रोज संध्याकाळी, मुद्दाम दिवे लागल्यावर, ते मनूचा हात धरून न्हाणीच्या दारात जायचे. काठीनं पत्रा बडवायचे. आत बॅटरी मारायचे आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायचे, "साप हाये का रे आत?" थोडं थांबायचे. मग म्हणायचे, "साप नाई. धू पाय." पहिल्या दिवशी ती पाय भिजवून पळाली. आठवड्यानं तिनं स्वतः पत्रा बडवला. महिनाभरात, दारातून काकांचा "साप नाई" झाला की, ती आत एकटी जायला लागली, बेसुऱ्या आवाजात गाणी म्हणत. मला वाटलं, चला, सुटलं. दोघंही सुटले.

एका संध्याकाळी मी त्यांना भाजी द्यायला गेले. मनू न्हाणीत पाय धूत होती, रोजचा तो "साप नाई" नुकताच झाला होता. काकांचं दार लोटलेलं होतं. फटीतून दिसलं, ते बायकोच्या फोटोसमोर उभे होते. काठी भिंतीला टेकवलेली. दोन्ही हातांनी कान धरलेले.

"आजबी म्हनलं," ते फोटोला सांगत होते. "पोट्टीसाठी म्हनलं व. तू मनावर घेऊ नोको. काई करू नोको तिले."

म्हणजे हे रोज चाललं होतं. बाहेर मोठ्यानं म्हणायचं आणि आत येऊन कान धरायचे. भाजीची वाटी हातात घेऊन मी तिथंच थांबले.

आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली.

मला त्यांचा श्वास ऐकू आला. एकदम आत ओढलेला, आणि मग काहीच नाही. फोटोनं उत्तर दिलं असंच त्यांना वाटलं असणार, मलाही वाटलं. माझ्या हातातली वाटी कलंडली, रस्सा मनगटावर सांडला, तरी मी हलले नाही.

"आबाजी!" अंगणातून मनू ओरडली. "लाईट गेली!"

 आतून काठी चाचपल्याचा आवाज आला, भिंतीवर हात फिरल्याचा आला. घसा खाकरला. आवाज कापत होता, पण अंगणापर्यंत जाईल इतका मोठा त्यांनी काढलाच.

"येऊन राह्यली, बेटा."